काश्मीरचा ट्राउट : परवाना, पट्टा आणि वाटाड्या

ज्या ट्राउटच्या आशेने गळाचे शौकीन आजही पहलगामची वाट धरतात, तो मासा मूळचा काश्मीरचा नव्हे. महाराजा प्रतापसिंहांच्या कारकीर्दीत, 1899 साली विलायतेहून निघालेली अंडी प्रवासातच नष्ट झाल्यावर, 1900 साली दुसरी खेप सुखरूप पोहोचली, आणि तिच्यातूनच पुढे तेथील हिमजलाच्या प्रवाहांत तपकिरी ट्राउटचा वंश रुजला. लिद्दर, सिंद, ब्रिंगी या नद्यांचे पट्टे पाडून मत्स्य खाते त्यांचे परवाने देते. परंतु पाण्याचे खरे ज्ञान असते ते सोबतच्या स्थानिक वाटाड्यापाशी, आणि त्याच्यावाचून या प्रवाहांत उतरणे मला तरी व्यर्थ वाटते. ट्राउट हा प्रवाहाकडे तोंड करून, खडकाआडच्या संथ पाण्यात, वाहत येणाऱ्या कीटकांची प्रतीक्षा करीत असतो, हे जाणून वाटाड्या कृत्रिम माशी नेमकी वरच्या अंगास टाकावयास सांगतो. हिवाळ्याच्या तोंडावर मादी नदीतळाच्या खडीत अंडी घालते. तेव्हा गळ बंदच ठेवावा. परवान्यात नमूद संख्येहून अधिक मासे घेऊ नयेत, आणि लहान मासा ओल्या हाताने, विनाविलंब, पाण्यात परत सोडावा.