सोर्स कोड विश्लेषणाची तंत्रे आणि मराठी वृत्तपरीक्षण

प्रस्तावना :
आज्ञावली प्रत्यक्ष न चालवता केवळ तिच्या लेखनावरून दोष शोधणे, यास स्थिर विश्लेषण म्हणतात. बेल लॅबोरेटरीजमधील स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेसाठी सिद्ध केलेले 'लिंट' हे या प्रकारातील एक आरंभीचे साधन होय. नियमबद्ध लेखन असेल तेथे हे तंत्र उपयोगी पडू शकते. अक्षरगणवृत्तातील कविता हे असेच लेखन आहे. प्रस्तुत लेखात या उपयोजनाची रीत व मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

पद्धती :
कंपायलर प्रथम सोर्स कोडची टोकन पाडतो. कवितेत टोकन म्हणजे अक्षर. युनिकोडमध्ये 'स्त्री' हे एक अक्षर सहा चिन्हांनी नोंदले जाते; म्हणून ही चिन्हे आधी एकत्र आणावी लागतात. नंतर प्रत्येक अक्षराचे लघुगुरुत्व ठरते. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघू. दीर्घ स्वर, अनुस्वार वा विसर्ग असलेले, तसेच जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू. पुढील टप्प्यात तीन-तीन अक्षरांचे गण पाडून ते वृत्ताच्या व्याकरणाशी ताडले जातात. भुजंगप्रयातात 'य' गण, म्हणजे लघू-गुरू-गुरू हा क्रम, चार वेळा येतो. शार्दूलविक्रीडितात १९ अक्षरे असून १२ व्या अक्षरानंतर यती असतो. तेथे शब्द संपतो की नाही, हेही तपासावे लागते.

मर्यादा :
उदाहरणादाखल रचलेली 'तुझ्या अंगणी शांत वारा फिरावा' ही ओळ पाहावी. वरील नियमाने 'झ्या'पूर्वीचा 'तु' गुरू ठरतो व पहिल्याच अक्षरावर दोष दाखविला जातो. मराठी उच्चारात मात्र तेथे आघात येत नाही; 'तु' लघूच राहतो आणि ओळ निर्दोष भुजंगप्रयात ठरते. याउलट 'सत्य' या शब्दातील 'स' आघातामुळे गुरू होतो. हा भेद केवळ लेखनावरून पुरेसा कळत नाही. त्यासाठी साधनास अपवादांची सूची जोडावी लागते, आणि ती सिद्ध करण्याचे काम मराठीच्या अध्यापकाखेरीज होणे कठीण आहे.

निष्कर्ष :
जुन्या काव्याच्या पाठचिकित्सेत व वृत्तांच्या अध्यापनात हे साधन श्रम वाचवू शकेल. सदोष अक्षराचे स्थान ते दाखविते. तो लेखनिकाचा प्रमाद, मुद्रणदोष की कवीने घेतलेली सूट, याचा निर्णय अभ्यासकानेच करावयाचा असतो. म्हणून केवळ यंत्राच्या अहवालावरून पाठ बदलणे किंवा विद्यार्थ्याचे गुण ठरविणे उचित होणार नाही. संगणकशास्त्र व मराठी हे दोन्ही विभाग एकाच महाविद्यालयात असताना अशी अपवादसूची संयुक्तपणे तयार करणे सहज शक्य आहे.