बंबावरची नोकरी

आमच्या घरच्या न्हाणींत अजून एक तांब्याचा बंब आहे. त्यांत आतां कोणी जाळ घालीत नाहीं, तरी तो मोडींत काढण्याचें धैर्य कोणास होत नाहीं. लहानपणीं रस्त्यावरून "बंब चालला, बंब चालला" अशी ओरड ऐकूं आली, म्हणजे या न्हाणींतल्या बंबाचें आणि त्या तांबड्या गाडीचें नातें काय, हें कोडें आम्हांस पडे. पोर्तुगीज लोक पाणी उपसण्याच्या यंत्रास 'बोंबा' म्हणत. शब्द तेथून आपल्याकडे आला. एक पोटांत विस्तव घेऊन पाणी तापवितो, दुसरा पोटांत पाणी घेऊन विस्तवावर धांवून जातो.

हें आठवण्याचें निमित्त असें कीं, आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील मुलगा अग्निशमन दलांत शिरला, त्यास नुकतींच तीन वर्षें झालीं. परवां त्यांच्याकडे जेवावयास गेलों असतां त्याच्याच तोंडून त्याच्या नोकरीची हकीगत ऐकावयास मिळाली. घराणें शिक्षकांचें आणि हिशेबनिसांचें. पदवीधर मुलानें बंबावर जावें, हें कोणासच रुचलें नव्हतें. वडिलांस सारें घर अप्पा म्हणतें. उभा जन्म एका पेढीच्या वह्या लिहून ते निवृत्त झाले. त्यांनीं तर दोन महिने मुलाशीं चकार शब्द काढला नाहीं.

कौल दिला तो आजींनीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं त्या सहा वर्षांच्या होत्या. त्या दुपारीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजास आग लागली. जहाजांत कापसाच्या गासड्या आणि स्फोटक द्रव्यें एकत्र भरलेलीं. बंबवाले पाणी मारीत असतां चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासानें दुसरा. दलाचे ६६ जण त्यांत गेले. भायखळ्यास त्यांचें स्मारक आहे, आणि १४ एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ देशभर पाळतात. गिरगांवांतल्या आपल्या खोलीचीं तावदानें फुटून अंथरुणावर पडलीं होतीं, एवढें आजींस स्पष्ट आठवतें. त्या म्हणाल्या, "ते गेले तेहि कोणाचे तरी मुलगेच ना? मग आपल्या घरचा कां जाऊं नये, तें मला सांगा." यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

प्रशिक्षणाचे सहा महिने कवायतींत गेले. पाण्याची नळी उलगडणें, गुंडाळणें, खांद्यावर माणूस घालून शिडी उतरणें. नळींतून जोरानें सुटलेलें पाणी धरणारासच मागें ढकलतें, हें पहिल्या दिवशीं जमिनीवर आपटल्यावर त्यास समजलें. त्याहून अवघड तें अंधाऱ्या, धुरानें भरलेल्या खोलींत शिरणें. आगींत माणसें भाजण्यापूर्वीं बहुधा धुरानें गुदमरतात, म्हणून जमिनीलगत रांगत जावयाचें आणि पुढचा मार्ग हाताच्या पाठीनें चांचपावयाचा. तळहातानें कां नाहीं, असें आम्हीं विचारलें. उघड्या विजेच्या तारेस तळहात लागला, तर मूठ आपोआप आवळते आणि तार सुटत नाहीं. पाठ लागली, तर हात मागें झटकला जातो.

मग ठाण्यावर नेमणूक झाली. घंटा झाल्यापासून मिनिटाच्या आंत गाडी फाटकाबाहेर पडली पाहिजे, त्यामुळें पानावरचा वरणभात तसाच राहण्याची संवय लवकरच झाली. पण गाडी कोठें जाई? मांज्यांत अडकलेली घार सोडवावयास, आषाढांत उन्मळलेलें झाड कापावयास, बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसें काढावयास. एकदां तर एका बाईंच्या सुजलेल्या बोटांतली अंगठी कापावयाची होती. "आजी विचारी, आज किती आगी विझवल्यास? मी काय सांगणार?" परत आल्यावर नळ्या धुवून वाळत घालण्याचें काम नव्या मुलांचें. पहिली आग मिळाली, तीहि स्वयंपाकघरांतली. कढईंतलें तेल पेटलें आणि घाबरून कोणी त्यावर तांब्याभर पाणी ओतलें. पाणी तेलाखालीं जाऊन क्षणांत त्याची वाफ होते आणि पेटतें तेल चोहोंकडे उडतें. आमच्या वाचक भगिनींनीं हें ध्यानांत ठेवावें, कीं अशा वेळीं गॅस बंद करून कढईवर घट्ट झांकण घालावें, आणि कढई जागची हलवूं नये.

खरी आग लागली ती पहिल्या वर्षाच्या अखेरीस. जुनी, लांकडी जिन्याची इमारत, तळमजल्यावर कापडाचें कोठार. आंत जाण्यास हा उतावीळ झालेला. अधिकाऱ्यांनीं त्यास बाहेर उभें केलें आणि हातीं एक फळी दिली. पाठीवर हवेचें नळकांडें बांधून आंत जाणारा प्रत्येक जण आपला बिल्ला या फळीवर लावतो. त्यापुढें आंत गेल्याची वेळ आणि नळकांड्यांतील दाब लिहावयाचा. सहा लिटरच्या नळकांड्यांत तीनशे पट दाबानें सुमारें १८०० लिटर हवा भरते; कष्ट करणारा माणूस मिनिटास ४० लिटर ओढतो असें धरलें, तर ४५ मिनिटें. "लोक आंत झुंजताहेत आणि मी बाहेर कारकुनी करतोंय, याचा मला इतका संताप आला," तो म्हणाला.

पांच बिल्ले लागले होते. चौघे वेळेंत परतले. पांचवा बिल्ला ठाण्यावरील सर्वांत वडील जवानाचा. रोज यास आपल्या डब्यांतली भाकरी देणारा. परतण्याचा क्षण आला आणि गेला. यानें घड्याळ पाहिलें, फळी पाहिली, पुन्हां घड्याळ पाहिलें. आपला हिशेब चुकला असला तर हंसें होईल, ही शंका एकदां मनांत येऊन गेली, हें त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें. मग तो ओरडला. तयार असलेली दुसरी जोडी तत्काळ आंत गेली. धुरांत नळीचा माग सुटून तो जवान दुसऱ्या मजल्यावरच्या एका कोपऱ्यांत सांपडला होता. हवा संपत आल्याची शिटी वाजत होती, तिच्या आवाजावरूनच तो हातीं लागला. बाहेर येऊन तो पायरीवर बसला, बराच वेळ खोकला, आणि मग हात पुढें करून एवढेंच म्हणाला, "माझा बिल्ला दे."

"त्या रात्रीं मीं आगीवर पाण्याचा एक थेंब टाकला नाहीं," मुलगा म्हणाला.

पंगतींत शांतता पसरली. आजींनीं डोळ्यांस पदर लावला. अप्पा आतांपर्यंत खालीं मान घालून ताकभात कालवीत होते. त्यांनीं डाव्या हातानें चष्मा सारखा केला आणि मुलाकडे न पाहतां विचारलें, "ते मिनिटास ४० लिटर, तें जिना चढणाऱ्या माणसाचें धरलें आहेस, कीं उभ्या माणसाचें?"

"काम करणाऱ्याचें, अप्पा. पण घाबरला तर त्याहून जास्त लागते."

"आणि परतीसाठीं शिल्लक?"

"ती आधींच वजा करतात. शिटी वाजली, कीं राहिलेली हवा फक्त बाहेर पडण्यापुरती."

"मग ४५ नव्हेत," अप्पा म्हणाले. "जेवण झालें, कीं वही घेऊन ये. कशी लिहितां, तें मला दाखव."