तोरण्याचे द्रव्य आणि मावळची माणसे

भोर-वेल्ह्याच्या काळ्या पाषाणात सोन्याची शीर नाही. ती लाभली एके काळी शहाजीराजांच्याच जहागिरीत असलेल्या कोलारला. तथापि तोरणा किल्ल्याच्या डागडुजीत भूमिगत द्रव्य हाती आले आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभारण्यात खर्ची पडले, ही कथा परंपरेने चालत आली आहे. मावळची ही खोरी मात्र वसली ती लांडग्यांचा बंदोबस्त करीत, चढत्या साऱ्याच्या इस्तावा-कौलावर रान मोडून, उतारावर नाचणी-वरी पेरणाऱ्या कुटुंबांनी. त्याच मातीतले कारीचे कान्होजी जेधे १६५९ साली, अफजलखान चालून आला असता, देशमुखीच्या वतनावर पाणी सोडून पाचही पुत्रांसह शिवाजी महाराजांपाशी उभे राहिले.