वेग जुळवायचा कुणी?

अमेरिकेतल्या जुन्या वळणाच्या लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये गिअरच्या दांड्याची मूठ नीट पाहावी. तिच्यावर दोन कळा असतात. एक पुढच्या अंगाला, वर-खाली होणारी. दुसरी बाजूला, अंगठ्याखाली येणारी. दोन्हींपासून हवेच्या बारीक नळ्या दांड्याला धरून खाली गिअरबॉक्सपर्यंत जातात. दांडा, या दोन कळा आणि पायाखालची पेडलं, एवढ्यावर ड्रायव्हर अठरा गिअर खेळवतो. गाडीचं वजन मालासकट ८०,००० पौंड, म्हणजे ३६ टनांच्या थोडं वर. आणि एकदा गाडी हलली की बरेच ड्रायव्हर गिअर बदलताना क्लचला पायही लावत नाहीत.

हा ईटन-फुलर कंपनीचा ‘रोडरेंजर’. मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावच्या फुलर कंपनीचं हे अपत्य. १९५८ साली ईटनने फुलर विकत घेतली. मोटारींमधून वेग आपोआप जुळवणारी ‘सिंक्रोमेश’ रचना नसलेला गिअरबॉक्स कधीच हद्दपार झाला, पण अवजड ट्रकमध्ये रोडरेंजर अर्ध्या शतकाहून अधिक काळ ठाण मांडून बसला. त्याला कारणं आहेत.

अशा गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकांच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात. गिअर टाकताना आपण चाक सरकवत नाही. मुख्य शाफ्टवर मोकळं फिरणारं एखादं चाक दातेरी कॉलरने त्या शाफ्टला जखडतो, एवढंच. अडचण अशी की शाफ्टचा वेग गाडीची मागची चाकं ठरवतात आणि मोकळ्या चाकाचा वेग इंजिनाकडून येतो. दोघांचे वेग जमले नाहीत तर कॉलरचे दात समोरच्या दातांवर आपटतात, खर्रर्र आवाज येतो आणि दरवेळी थोडं पोलाद झिजून तेलात उतरतं. धावत्या बसमध्ये चढणारा माणूस आधी तिच्या वेगाने चार पावलं पळतो, तसं काहीतरी इथे कुणालातरी करावं लागतं. गिअरबॉक्सचा सगळा इतिहास म्हणजे हे काम कुणाच्या गळ्यात घालायचं, याचा इतिहास आहे.

रोडरेंजरमध्ये ते ड्रायव्हरच्या गळ्यात आहे. लगतच्या दोन गिअरांच्या गुणोत्तरात ३५ टक्क्यांचा फरक आहे असं धरू. इंजिन १,८०० फेऱ्यांवर असताना वरचा गिअर टाकायचा, तर इंजिन सुमारे १,३३० फेऱ्यांपर्यंत उतरायला हवं. म्हणून क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, क्षणभर थांबायचं, फेऱ्या उतरल्या की पुन्हा क्लच आणि गिअर. खालचा गिअर टाकताना उलटं. १,३०० वर असलेलं इंजिन न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर देऊन १,७५० च्या आसपास न्यायचं आणि तेवढ्या क्षणात दांडा आत सरकवायचा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडायचा तो इंजिनाने आतल्या शाफ्टला आपल्या वेगावर आणावं म्हणून. हाच डबल क्लच. हात बसला की मधला क्लचही गळून पडतो: ॲक्सिलरेटर जरा सैल करून दातांवरचा ताण काढायचा, दांडा न्यूट्रलला ओढायचा, वेग जुळला की तो आपसूक आत जातो.

हे जमलं नाही तर काय होतं, ते घाट उतरताना कळतं. वरचा गिअर निघाला, खालचा पडेना. भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये वेग घेते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा ड्रायव्हर मंडळींचा नियम अशा गाड्यांच्या बाबतीत फार शहाणपणाचा.

मोटारीतली ही कसरत संपवली अर्ल थॉम्प्सन या अमेरिकी अभियंत्याने. त्याची सिंक्रोमेश रचना कॅडिलॅकने १९२८ साली बाजारात आणली. कॉलर आणि चाक यांच्यामध्ये शंकूच्या आकाराची घर्षणाची जागा ठेवली की दात भिडण्याआधी दोघं तिथे घासतात आणि वेग सारखे होतात. पुढे तिच्यात आडकाठी करणारी पितळी रिंग आली. वेगात फरक आहे तोवर ही रिंग किंचित बाजूला फिरून कॉलरची वाट अडवते. फरक शून्य झाला की तिच्यावरचा जोर सरतो, ती परत फिरते आणि कॉलर पुढे जाते. ड्रायव्हरने कितीही रेटलं तरी वेळेआधी दार उघडत नाही. मात्र रिंगचं सगळं काम घर्षणावर. तेल फार निसरडं असलं की तिची पकड जाते. कडा झिजल्या की गिअर पुन्हा खरखरू लागतो.

मोटारीत हे सोपं, कारण फिरणारं वजन थोडं. ट्रकमध्ये क्लचची जड प्लेट, इनपुट शाफ्ट, जोडशाफ्ट (इंजिनाचा जोर मुख्य शाफ्टवरच्या चाकांकडे नेणारा समांतर शाफ्ट) आणि त्याला अडकलेली सगळी चाकं यांचा वेग त्या एका रिंगने बदलायचा. वजन वाढलं की रिंगवरची उष्णता वाढते, दांड्याला जोर जास्त लागतो, वेळही जास्त जातो. आणि चढावर तेवढ्या वेळात गाडीचा वेग मोडतो. युरोपातल्या कारखान्यांनी यावर मेहनत घेतली. झेपेलिन हवाई जहाजांच्या दातेरी चाकांसाठी १९१५ साली फ्रीडरिक्सहाफेनला सुरू झालेल्या झेडएफने सोळा गिअरचे पूर्ण सिंक्रोमेश बॉक्स ट्रकमध्ये रुळवले. एका शंकूने भागेना तिथे दोन शंकू घातले. भारतात टाटा प्रायमाच्या काही ट्रकमध्ये झेडएफचा असा सोळा गिअरचा बॉक्स आला. आपल्याकडच्या जुन्या पिढीच्या ड्रायव्हरांना डबल क्लच शिकावाच लागत असे. आजच्या सिंक्रोमेश ट्रकवर हात बसवणाऱ्याला त्यावाचून भागतं.

रोडरेंजरच्या कर्त्यांनी उलट बाजूने विचार केला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एकाऐवजी दोन जोडशाफ्ट घातले. इंजिनाचा जोर दोन वाटांनी विभागला गेला, प्रत्येक दातावर निम्मा भार आला, चाकं अरुंद करता आली आणि बॉक्स आखूड झाला. मधली चाकं दोन्हीकडच्या शाफ्टांच्या आधाराने तरंगत राहतात. सिंक्रो रिंगा नाहीत म्हणजे झिजणारे पार्ट कमी, दुरुस्ती स्वस्त. स्वतःचा ट्रक स्वतः हाकणाऱ्या मालकाला हा हिशेब पटतो. ‘आरटीएलओ-१८९१८’ या मॉडेलच्या नावातच सगळी कुंडली आहे: रोडरेंजर, दोन जोडशाफ्ट, कमी जडत्व, ओव्हरड्राइव्ह, १८ म्हणजे १,८५० फूट-पौंडांचा जोर, ९ ही रचनेची पिढी आणि शेवटचे १८ हे गिअर.

मोटारीवर शिकलेला माणूस रोडरेंजरवर पहिली चूक करतो ती क्लच तळापर्यंत दाबण्याची. पेडलच्या अगदी शेवटच्या टप्प्यात क्लच-ब्रेक असतो. गाडी उभी असताना आत फिरणारा शाफ्ट थांबवून पहिला गिअर गुपचूप पडावा, एवढ्यासाठीच तो आहे. चालत्या गाडीत पाय तळाला गेला तर तो थोड्याच दिवसांत जळतो.

आणखी एक गोष्ट. रोडरेंजरला बिगर-सिंक्रो म्हणतात, पण तो पुरता तसा नाही. मुठीवरची पुढची कळ ज्या मागच्या भागाला हलवते, त्या हवेवर चालणाऱ्या ‘रेंज’मध्ये (गिअरांचा खालचा संच आणि वरचा संच यांतली अदलाबदल करणाऱ्या भागात) सिंक्रोनायझर आहे. तिथली उडी एवढी मोठी की ती हाताने जुळवणं अवघड. म्हणजे हाताला झेपतं तिथे हात आणि झेपत नाही तिथे रिंग, अशी वाटणी कॅलमझूच्या लोकांनी आधीच केलेली होती.

पुढे आलेल्या स्वयंचलित गिअरबॉक्सांनी याच वाटणीवर शिक्कामोर्तब केलं. व्होल्वोने २००१ साली आणलेल्या आय-शिफ्टमध्ये क्लचचं पेडलच नाही. पण त्याचा मुख्य भाग बिगर-सिंक्रो आहे आणि रेंज सिंक्रोची. झेडएफनेही आपल्या एएस ट्रॉनिकच्या मुख्य भागातून रिंगा काढून टाकल्या. वरचा गिअर टाकायचा असेल तेव्हा संगणक छोट्या ब्रेकने जोडशाफ्ट हळू करतो, खालचा टाकायचा तर इंजिनाच्या फेऱ्या चढवतो आणि नेमक्या क्षणी कॉलर सरकवतो. मुरलेला ड्रायव्हर कानाने जे करत होता तेच हे, फक्त दरवेळी तितकंच अचूक.

तेव्हा सिंक्रो चांगला की बिगर-सिंक्रो, हा वाद वाटतो तेवढा यंत्राचा नाहीच. रिंग आली ती चालवणाऱ्याच्या हाताचा भरवसा नव्हता म्हणून. भरवशाचा हात मिळाला, मग तो माणसाचा असो की संगणकाचा, की तिचं काम संपलं. अमेरिकेत आता ऑटोमॅटिक ट्रकवर परीक्षा दिली तर परवान्यावर मॅन्युअल गाडीची बंदी छापून येते आणि तशीच परीक्षा देणारे नवे ड्रायव्हर तयार होत आहेत. त्यांच्या ट्रकच्या पोटात मात्र बऱ्याचदा रोडरेंजरच्याच जातीचा, मुख्य भागात रिंगा नसलेला बॉक्स फिरत असतो.