सावड, इर्जीक व अवर्षणाचें साल

एकमेकांच्या साह्यावांचून शेतीचा धंदा कधींच चाललेला नाहीं. ज्याच्या दावणीस चार बैल, घरांत दोन गडी व रानांत बारमाही पाण्याची विहीर आहे असा कुणबी देखील पेरणीच्या आठवड्यांत किंवा घरांत आजार शिरला असतां शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. हें साह्य कोणत्या रीतीनें मिळतें, तें कोठवर पुरतें, आणि साऱ्या गांवावर एकदम संकट कोसळलें म्हणजे तें कां तुटतें, याचा विचार वाचकांपुढें मांडावा असें बरेच दिवस मनांत होतें. तालुक्याच्या कचेरींत पैसेवारीचे तक्ते व टंचाईचीं टिपणें लिहिण्यांत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं. त्या कागदांत पिकाचा आंकडा सांपडतो. गांवानें तें साल कसें काढलें हें कोठेंही सांपडत नाहीं.

प्रथम सावडीची गोष्ट घेऊं. ज्याच्याजवळ एकच बैल आहे त्यानें तशाच दुसऱ्याशीं जोड करावी व दोघांचीं शेतें पाळीपाळीनें करावीं, हें सावडीचें साधें रूप. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूस माणसांच्या अशाच फेडीच्या कामास पैरा म्हणतात. आज तुम्ही आमच्या भांगलणीस या, परवां आम्ही तुमच्या काढणीस येऊं, असा हा रोकडीवांचूनचा व्यवहार आहे. त्याची पूर्वीं किती निकड असे हें आजच्या तरुण शेतकऱ्यांस सांगितल्यावांचून कळणार नाहीं. दख्खनच्या भारी काळ्या जमिनींत जुना लाकडी नांगर ओढावयास सहा सहा, आठ आठ बैल जुंपावे लागत. इतके बैल बाळगणारा गांवांत एखादाच. तेव्हां चौघांनीं मिळून नांगर जुंपल्यावांचून जमीन उलथतच नसे. सन १९०३ सालीं किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला व तो थोड्या बैलांवर चालूं लागला. पुढें ट्रॅक्टर आला, आणि आतां तासाच्या किंवा एकराच्या भाड्यानें नांगरट होते. काम लवकर उरकतें व खोलही होतें. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. मात्र भाडें रोख मोजावें लागतें, आणि ज्या सालीं गांठीं पैसा नसतो त्या सालीं जमीन तशीच पडून राहते. सावडीस पैसा लागत नसे.

सावड टिकते किंवा फुटते ती बहुधा पाळीच्या क्रमावरून. पाऊस पडून गेल्यावर हलक्या, मुरमाड रानास वाफसा आधीं येतो. भारी काळीस चार दिवस अधिक लागतात. यास्तव हलक्या रानावर तिफण आधीं चालावी व काळीवर मागाहून, म्हणजे कोणाचाच हंगाम हुकत नाहीं. परंतु चौघेही एकाच मगदुराच्या जमिनीचे असले तर सर्वांस एकाच दिवशीं वाफसा येतो, पहिला कोण हा तंटा उभा राहतो, आणि शेवटच्याची पेरणी उशिरा पडून त्याचें पीक मार खातें. म्हणून जाणते लोक सावडीचा गडी निवडतांना नात्यापेक्षां जमिनीकडे अधिक पाहत. भावकींतल्या सावडी लवकर मोडतात याचेंही आमच्या मतें हेंच एक कारण आहे : वांटणीच्या वेळीं प्रत्येक भावानें एकाच रानाची एक एक पट्टी घेतलेली असते.

हिशेब तोंडी असतो. माणसास माणूस व जोडीस जोडी हा सरळ नियम. जोडीच्या एका दिवसाची फेड माणसाच्या किती दिवसांनीं करावयाची याचें माप ठिकठिकाणीं निराळें आहे. तें काम सुरू होण्यापूर्वींच चौघांसमक्ष बोलून ठेवावें. ज्याच्याजवळ जोडी नाहीं, केवळ हात आहेत, त्यास या मापांतच नाडलें जातें. खातेदारांनीं हें मनांत ठेवलें पाहिजे, कारण माप ठरविणारे बहुधा तेच असतात.

इर्जीक ही सावडीची बहीण खरी, परंतु तिचा स्वभाव वेगळा. सावड बरोबरीच्या लोकांची. तींत दिलेलें परत येतें. इर्जिकीस गांवांतलीं दहा-वीस औतें एका दिवसासाठीं एकाच्या रानांत जमतात, सूर्य मावळण्याच्या आंत रान नांगरून निघतें, आणि घरधनी त्या दिवशींचें जेवण व बैलांस वैरण देतो. पुढें मोजून फेड कोणी मागत नाहीं. ज्या घरचा कर्ता पुरुष अंथरुणास खिळला, ऐन मृगांत ज्याचा बैल दगावला, किंवा लहान मुलें पदरीं असतां जिचा नवरा गेला, अशांच्या जमिनी पडीक होण्यापासून वांचविणारी हीच रीत होय. पुणें जिल्ह्यांतील जुन्नर-आंबेगांवकडील डोंगरी भागांत भातखाचरें बांधण्याच्या अशा सामुदायिक कामास पडकई म्हणतात. येथें एक सूचना करावीशी वाटते. इर्जिकीचें जेवण हळूहळू मानाचा विषय झालें आहे. ज्या घरीं चूल पेटण्याची अडचण तेथें पुरणाची किंवा वशाटाची अपेक्षा करणें म्हणजे एका हातानें देऊन दुसऱ्यानें घेण्यासारखें आहे. अशा घरीं जातांना प्रत्येकानें आपली भाकर व आपल्या बैलांचा कडबा बरोबर न्यावा.

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. या सर्व चालींत एकाचें अडलें असतां दुसऱ्याचें चाललेलें असतें असें गृहीत धरलेलें आहे. अवर्षणाच्या सालीं तसें घडत नाहीं. मागणारे सगळेच, देणारा कोणी नाहीं. सारा गांव एकाच महिन्यांत जनावरें बाजारांत नेतो, म्हणून भाव पडतो. पुढल्या मृगांत सारा गांव बैल घ्यावयास निघतो, म्हणून भाव चढतो. दोन्ही वेळां नफा व्यापाऱ्याचा. यास दोघां शेजाऱ्यांनीं मिळून करण्यासारखा एक उपाय आहे. दसऱ्याच्या सुमारास पिकाचा अंदाज आला कीं दोघांनीं आपला कडबा एकत्र मोजावा. मोठ्या बैलास जगविण्यापुरती दिवसास सहा-सात किलो कोरडी वैरण धरली, तर दसऱ्यापासून मृगापर्यंतच्या आठ महिन्यांत एका जोडीस सुमारें ३० क्विंटल लागते. दोघांच्या गंजी मिळून एकच जोडी निभणार असेल तर चार बैलांतील उत्तम दोन ठेवावे व बाकीचे दोन भाव टिकून आहे तोंच विकावे. आलेला पैसा निम्मानिम करावा, आणि पुढली पेरणी एका जोडीवर सावडीनें उरकावी. चारही बैल फाल्गुनापर्यंत अर्धपोटीं ठेवून मग चारही मातीमोल विकण्यापेक्षां हें केव्हांही बरें. दुभत्या जनावरांसही हाच हिशेब लागू आहे.

सन २०१२-१३ च्या दुष्काळांत माण, सांगोलें व बीडकडील भागांत चारा-छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हां कित्येक घरांतलीं माणसें महिनोन् महिने जनावरांजवळच राहिलीं. अशा ठिकाणीं प्रत्येक घरचा एक माणूस दावणीशीं अडकून पडतो. चार घरांनीं पाळी बांधून एकानें चौघांचीं जनावरें सांभाळावीं व तिघांनीं मजुरीस जावें, एवढी साधी सोय केली तरी तीन घरांची रोजी वांचते.

आमच्या वडील पिढीच्या बोलण्यांत मात्र दुष्काळ म्हटला कीं सन १९७२ चाच निघतो. १९७० सालापासून पाऊस ओढ देत गेला आणि १९७२ सालीं खरीप व रबी दोन्ही बुडालीं. १९७३ च्या मे महिन्यांत सरकारी दुष्काळी कामांवर सुमारें ५० लाख माणसें होतीं. राज्याची लोकसंख्या त्या वेळीं सुमारें ५ कोटी होती. म्हणजे दर दहा माणसांत एक माणूस खडी फोडीत, माती वाहत किंवा पाझर तलावाच्या भरावावर होता. अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो व मुलांस वांटलेली सुकडी यांची आठवण म्हातारीं माणसें अजून काढतात. त्या सालीं सातबाऱ्यावर नांव असलेले खातेदार व त्यांच्याच रानांत राबलेले मजूर एकाच खाणींत बसले. सुरुवातीस पुष्कळ घरंदाज बाया ओळखीचें कोणी भेटूं नये म्हणून लांबच्या कामावर जात. पुढें ती लाज गळून पडली. अशा कामावर मजुरी माप पाहून मिळते. तरण्यांनीं आपली टोळी वेगळी केली तर त्यांचें माप भरतें व म्हाताऱ्यांची टोळी उपाशी राहते. एका आळीच्या लोकांनीं तरणे, म्हातारे, लेंकुरवाळ्या अशी मिळून टोळी केली, एका बाईस झोळ्यांतलीं पोरें सांभाळावयास बसविलें व तिचाही हिस्सा धरला, तर सर्वांचें थोडें थोडें निभतें. गरज पडल्यास पुढेंही याच तऱ्हेनें टोळ्या बांधाव्या.

सरकारनें काम देणें हा उपकार नाहीं, हें लोकांच्या ध्यानीं येण्यास मात्र फार वर्षें लागलीं. सन १८७७ सालीं सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानें दुष्काळी मजुरीचें मान दिवसास एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इतकें उतरविलें गेलें, तेव्हां मुंबई इलाख्यांतील हजारों मजुरांनीं कामें सोडलीं व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडली. तेथपासून वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेपर्यंत व तिच्या १९७७ च्या कायद्यापर्यंत शंभर वर्षें लोटलीं.

काम मिळालें तरी पगार हातीं पडेपर्यंत चूल पेटली पाहिजे. येथें धान्याच्या उसनवारीचा प्रश्न येतो. एक मण नेऊन सुगीस सव्वा मण आणून देणें ती सवाई, दीड मण देणें ती दिढी. चार-सहा महिन्यांचें हें व्याज रोकडीच्या मानानें जबर आहे, आणि दुष्काळांत तर देणाराच मिळत नाहीं. यासाठीं बऱ्या सालींच वीस घरांनीं प्रत्येकी ५० किलो ज्वारी एकत्र ठेवावी. ती १० क्विंटल होते. पांच माणसांच्या घरास महिन्यास सुमारें ६० किलो धान्य लागतें असें धरल्यास या सांठ्यांतून गांवांतलीं पांच अगदीं अडलेलीं घरें तीन महिने जगतात. फेड मापास माप घ्यावी, सवाई नको. फार तर उंदीर-किड्याच्या तुटीपुरती मूठभर वर. साल चांगलें गेलें तर जुनी ज्वारी काढून खावी व नवी भरावी.

हा सांठा नवीन कल्पना आहे असें नाहीं. सोलापूर, नगरकडे पूर्वीं पेवें होतीं व त्यांत ज्वारी वर्षानुवर्षें राहत असे. ज्यांच्याकडे जुनें पेव आहे त्यांनीं दोन गोष्टी विसरूं नयेत. पेव उघडल्यावर आंतील हवा विषारी असते; तोंड कांहीं तास मोकळें ठेवल्यावांचून कोणीही उतरूं नये, यांत माणसें मेलेलीं आहेत. दुसरें, पेवांतली ज्वारी खावयास चालते, परंतु तिची उगवण घटते. बियाणें निराळें, चांगलें वाळवून, राख किंवा लिंबाचा पाला घालून कणगींत ठेवावें.

देण्याच्या रीतीसंबंधीं दोन शब्द. अडचणींतला खातेदार मजुरापेक्षां अधिक मुका असतो. तो पारावर येईनासा होतो, देवळांत मागें बसतो, बाजाराचा दिवस चुकवितो. त्याच्या दारीं जाऊन काय हवें असें विचारल्यास कांहीं नको असेंच उत्तर येतें. आपल्याकडे वानवळ्याची चाल आहे : नवें पीक घरांत आलें कीं शेजारीं थोडें धाडावयाचें. तें घेण्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं. अशा घरीं वानवळा जरा मोठ्या पाटींतून जावा व तो घरांतल्या बाईनें बाईकडे न्यावा. कर्जाच्या ओझ्याखालीं माणसें जिवास मुकलीं आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या घरीं शेवटच्या महिन्यांत शेजारपाजाऱ्यांची पायरवही नव्हती, हें लिहितांना जड वाटतें.

राहिलें पाणी. या बाबतींत धुळें-नाशिककडील पांझरा व मोसम नद्यांवरची जुनी फड पद्धति समजून घेण्यासारखी आहे. बंधाऱ्याखालील सारें रान तीन-चार फडांत वांटलेलें असतें, एका फडांत एका हंगामास एकच पीक, आणि बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडांत. पाणी कमी आलें कीं एखादा फड कोरडा ठेवावयाचा. त्यामुळें तोटा येतो तो सर्वांस सारखा. शेवटच्या चारीवाल्यावर एकट्यावर येत नाहीं. पाणी सोडणारा व पिकाची राखण करणारा जागल्या हे गांवाचेच नेमलेले. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथें पाण्याचा वांटा जमिनीवर न ठरवितां माणशीं अर्धा एकर व घरटीं जास्तींत जास्त अडीच एकर असा ठरविला, भूमिहीनांसही हिस्सा दिला आणि ऊंस वर्ज्य केला. ऊंसाची अट आमच्या कांहीं वाचकांस कडू लागेल. पण ती नसती तर बाकीचे नियम एका उन्हाळ्यांतच वाहून गेले असते.

फड किंवा पाणी पंचायत ज्या गांवीं नाहीं त्यानें निदान पिण्याच्या पाण्याचा बंदोबस्त पौषांतच करावा. उन्हाळ्यांत गांवचा आड आटला म्हणजे सरकारी हुकुमानें खाजगी विहीर अधिग्रहित करावी लागते. मालकास मोबदला मिळतो, तरी त्याचें मन आंबतें, आणि पोहऱ्यागणिक बोलणें होतें. त्याऐवजीं कोणाच्या विहिरीवर कोणत्या आळीनें यावयाचें, किती घागरी न्यावयाच्या, पंपाच्या विजेचे पैसे व झिजलेल्या दोराची किंमत कोणी भरावयाची, आणि त्या उन्हाळ्यांत मालकानें आपल्या भाजीपाल्यास किती वेळ पाणी घ्यावें, हें ग्रामसभेंत मालकाच्या तोंडून वदवून ठरावांत लिहून घ्यावें. ठरावाची एक नक्कल तलाठ्याकडे द्यावी व एक विहिरीच्या मालकाच्या घरीं ठेवावी.