तात्पुरत्या कॅपखालचा दांत

एके काळीं आपल्या वऱ्हाडांत दाढ दुखूं लागली, कीं आधीं लवंग, मग लवंगेचें तेल आणि शेवटीं चिमटा, असा ठरलेला क्रम असे. दाढेबरोबर दुखणें जाई आणि चावण्याची सोयही जाई. देशांतील पहिलें दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास काढलें. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ सालीं झाला. नागपूरचें शासकीय दंत महाविद्यालय १९६८ चें. आतां अमरावतींतही असें महाविद्यालय आहे, आणि अकोल्याच्या बाजारपेठेंतून जातांना दंतवैद्यांच्या पाट्या सहज दिसतात. त्यामुळें किडलेली वा तडकलेली दाढ उपटण्याऐवजीं ती घासून तिच्यावर टोपी, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेली ‘कॅप’, बसविण्याची वहिवाट पडली आहे. हें चांगलेंच झालें.

परंतु कायमची कॅप बहुधा त्याच दिवशीं मिळत नाहीं. दांताचा ठसा प्रयोगशाळेंत जातो, तेथें धातूची वा चिनी मातीसारख्या पदार्थाची कॅप घडते, आणि तोंवर आठ-पंधरा दिवस घासलेल्या दांतावर एक तात्पुरती कॅप असते. घरीं येऊन बधिरता उतरली, कीं पाण्याच्या पहिल्याच घोटाला दांतांतून सणक जाते. ती साहजिक समजून सोसावी कीं वैद्याकडे परत धांवावें, हा प्रश्न घरोघर पडतो. मी शाळामास्तर होतों, वैद्य नव्हें. पण माझ्या स्वतःच्या तोंडांत अशा दोन कॅपा आहेत, आणि या विषयाची माहिती मीं जिज्ञासेनें मिळविली आहे. तीच आज श्रोत्यांपुढें ठेवतों.

दांत हा दगडाचा तुकडा नव्हे. बाहेर इनॅमल नांवाचा कांचेसारखा कठीण थर; त्याला संवेदना नाहीं. त्याच्या आंत डेंटिन, आणि सर्वांत आंत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गाभा, ज्याला आपण ‘नस’ म्हणतों. डेंटिन वरून घट्ट दिसलें तरी त्यांत नसेकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. एका चौरस मिलिमीटरांत त्या हजारोंनीं मोजाव्या लागतात, आणि नसेजवळ तर त्यांची दाटी ४०,००० च्याही पुढें जाते. या नळ्यांत द्रव भरलेला असतो. गार पाणी लागलें कीं तो आकसून हलतो, आणि त्या हालचालीनें नसेचे तंतू चाळवतात. स्वीडनचे ब्रॅनस्ट्रॉम यांनीं १९६० नंतरच्या दशकांत प्रयोगांनीं ही उपपत्ति दृढ केली. गार व उष्ण स्पर्श न साहणाऱ्या दांतांचा विकार सुश्रुतसंहितेंत ‘दंतहर्ष’ या नांवानें आला आहे, आणि चिंच खाल्ल्यावर ‘दांत आंबले’ असें आपण म्हणतों तेव्हां याच वर्गांतला अनुभव सांगत असतों.

आतां कॅपेसाठीं जागा करावयाची म्हणून वैद्य दांताच्या बाजू सुमारें १ ते १·५ मिलिमीटर आणि माथा त्याहून थोडा अधिक घासतात. म्हणजे ठिकठिकाणीं इनॅमल जातें आणि त्या हजारों नळ्यांचीं तोंडें उघडीं पडतात. तात्पुरती कॅप त्यांच्यावर असते खरी. पण पावसाळ्यापूर्वीं कौलें उतरविलेल्या घरावर ताडपत्री घालावी, तशी. ती ॲक्रिलिकसारख्या प्लास्टिकची असते, तिच्या कडा कायमच्या कॅपेइतक्या नेमक्या बसत नाहींत, आणि तिला चिकटविणारें सिमेंट मुद्दामच कच्चें घेतात, कारण पुढें ती सहज निघाली पाहिजे. त्या फटींतून गार, गोड, आंबट असें सर्व थोडथोडें आंत पोंचतें. गमतीची गोष्ट अशी, कीं अशा सिमेंटांपैकीं एक जुनें व प्रसिद्ध सिमेंट झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलांतील युजेनॉल यांचें मिश्रण आहे. म्हणजे आजीबाईंची लवंग वैद्याच्या टेबलावर पोंचलीच! परंतु म्हणून घरीं लवंगेचें निवळ तेल हिरडीवर ओतूं नये. तें हिरडी भाजतें.

अकोल्यास मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो, तेव्हां बर्फाचें पाणी पिऊं नका असें सांगणें मला जिवावर येतें. माठाचें पाणी मात्र या दिवसांत फ्रिजच्या पाण्याहून पुष्कळ सुसह्य वाटतें. वरूड-मोर्शीकडचीं संत्रीं चार दिवस राहूं द्यावीं, कारण आंबट रस उघड्या डेंटिनला झोंबतो. चिक्की व तिळगूळ कॅपेला चिकटून ती उपटतात. आणि गोवरीवर भाजलेला खरपूस रोडगा तर दुसऱ्याच बाजूनें, तोही वरणांत चांगला भिजवून खावा.

दुखण्याची परीक्षा जिभेनें करण्यापेक्षां घड्याळानें करावी. गार पाणी लागलें, सणक आली, आणि पाणी गिळतांच चार-पांच सेकंदांत ती गेली, तर नस जिवंत आहे, केवळ चिडलेली आहे. अशी सणक दिवसेंदिवस उणावत जाते. तिला कांहीं दिवस द्यावे. परंतु पाणी गेल्यावरही कळ अर्धा मिनिट, कित्येक मिनिटें रेंगाळत असेल, कांहीं न खातां-पितां आपोआप उठत असेल, रात्रीं आडवें होतांच ठणका वाढून झोप मोडत असेल, किंवा गरम चहानें असह्य होऊन गार घोटानें उलट बरें वाटत असेल, तर नसेचा दाह परतण्याच्या पलीकडे गेला असण्याचा संभव फार. हें वैद्याला कायमची कॅप बसण्यापूर्वीं सांगणें अगत्याचें आहे. तेव्हां सांगितलें तर तात्पुरती कॅप काढून रूट कॅनाल करतां येतें. मुकाट्यानें सोसलें तर पुढें हजारों रुपयांच्या नव्या कॅपेलाच भोंक पाडावें लागतें. आपल्याकडे सोसण्याचें कौतुक फार, विशेषतः घरांतील बायकांच्या सोसण्याचें. येथें तें महागांत पडतें.

चावतांना होणारें दुखणें वेगळें. तोंड बधिर असतां दांत नीट मिटतां येत नाहींत, म्हणून कॅप केसभर उंच राहिली तरी त्या वेळीं कळत नाहीं. घरीं भाकरीच्या पहिल्या घासाला प्रथम तोच दांत टेकतो व दुखतो. ‘सवय होईल’ म्हणून थांबूं नये. वैद्य रंगीत कागद चाववून उंच जागा शोधतात आणि पांच मिनिटांत घासून देतात. हिरडीचा हुळहुळेपणा कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनीं दोन-चार दिवसांत जातो. ज्या दांताचें रूट कॅनाल आधींच झालें आहे त्यांत नसच नसते, तेव्हां गार पाण्यानें सणक आली तर शेजारचा दांत तपासून घ्यावा.

वेदनाशामक गोळी वैद्याला विचारून पोटांत घ्यावी. ॲस्पिरिनची गोळी दांताशीं दाबून धरण्याची जुनी खोड हिरडीवर पांढरी जखम करते. गालावर सूज, ताप, तोंड उघडण्यास किंवा गिळण्यास अडचण, यांपैकीं कांहींही झालें तर शेकत न बसतां त्याच दिवशीं निघावें.

कॅप निघाली तर ती टाकूं नये. धुऊन डबींत ठेवावी, वैद्यास कळवावें, आणि फेविक्विकसारखा डिंक लावून ती घरीं बसवूं नये. ती नाहीं म्हणून चार आठवडे चालढकल केली, तर शेजारचे दांत मोकळ्या जागेकडे कलतात, समोरचा दांत पुढें सरकतो, आणि ठशाबरहुकूम केलेली कायमची कॅप मग बसेनाशी होते. हीच गोष्ट दुखत नाहीं म्हणून तात्पुरत्या कॅपेवर महिनोन्‌महिने काढणाऱ्यांची. दर्यापूर-अकोटकडून एस.टी.नें यावयाचें, त्यांत कापूस वेंचणीचे दिवस, म्हणून फेरी पुढें ढकलली जाते हें मी जाणतों; पण कच्चें सिमेंट हळूहळू धुऊन जातें, आणि कॅपेच्या आड, कोणास न दिसतां, दांत किडूं लागतो.

कायमची कॅप बसविण्याच्या दिवशीं ती पक्की चिकटविण्यापूर्वीं नुसती ठेवून चावून पाहावें, आणि उंच वाटली तर तेथेंच सांगावें. ती बसल्यावरही गार पाण्याची थोडी सणक कांहीं दिवस राहूं शकते; तिचीही परीक्षा त्याच घड्याळानें करावी.