गंगा वाहते, तेरणा का आटते?

आपल्या धाराशिव जिल्ह्यात उगम पावणारी तेरणा पावसावर जगते. उन्हाळ्यात ती आटते. हिमालयातील गंगा मात्र तेव्हाही वाहते, कारण तिला बर्फाचे पाणी मिळते. शून्य अंश सेल्सिअसचा १ ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेने १ ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल! म्हणूनच बर्फ सावकाश वितळतो व उन्हाळाभर पाणी पुरवतो.

तापमानवाढीमुळे आता हिमनद्या आक्रसत आहेत. अशा वेळी प्रथम पाणी वाढते, सरोवरे फुगतात. जून २०१३ मध्ये अतिवृष्टी व वितळलेल्या बर्फाने तुडुंब भरलेले चोराबारी सरोवर केदारनाथच्या वर फुटले. उत्तराखंडातील त्या आपत्तीत हजारो माणसे दगावली. पुढे हा साठाच सरला, तर तिकडच्या गावांनाही उन्हाळ्यात आपल्यासारखीच टँकरची वाट पाहावी लागेल.